ताटात ठेवलेला घास

सिमेंट फॅक्टरीची कामगार वस्ती,
सेडमच्या पुढे, कर्नाटक
२४ नोव्हेंबर २०२४

शिवे,

पत्रास कारण की माझा मोबाईल सिमेंट झाला. हसू नको. चुनखडीच्या पट्ट्यावर वाकून बघत होतो, वरच्या खिशातून सटकला, अन् मी "धर, धर" म्हणेपर्यंत भट्टीच्या वाटेला लागला. मुकादम म्हणाला, "पऱ्या, आता कुणाच्या तरी स्लॅबातून तुझी रिंग वाजंल." सगळे नंबरबी त्यातच गेले, तवा नवा घेईपर्यंत तुझ्याशी असंच कागदावर बोलायचं. आपल्या परळीच्या थर्मलची राख घेऊन गावातला राम त्याचा टँकर इकडं आणतो, त्याच्याजवळ पत्र देत जा. राखेत भरंल, पण पोचंल.

पत्ता वर लिहिलाय, तो पेन्सिलीनं लिहून ठेव. मी इथं किती टिकंल सांगता येत न्हाई.

राम म्हणाला, आई-बाबा दिवाळी करून कोयता घेऊन उसाच्या फडावर गेले अन् तू औंदा गेली न्हाईस. परळीत मुक्ताआत्याकडं राहून कुणाच्या तरी घरी लेकरू सांभाळतीस. लई बरं वाटलं. पाचटानं तुझे हात कसे चिरायचे ते मी बघितलंय. पण शिवे, एक विचारतो. ते लोक तुला जेवायला देतात का?

उगं विचारत न्हाई. तू म्हणशील, ह्याला सगळीकडं खोटच दिसती. बेकरीत होतो तिथं मालक करपलेले पाव आमच्याकडं सरकवायचा, म्हणायचा, करपलेलं पोटाला चांगलं. बोअरच्या गाडीवर होतो तिथं मालक कॅबिनात बसून कोंबडी खायचा अन् आमाला रस्सा. लातूरच्या गॅरेजात मिस्त्रीची बायको आधी कुत्र्याला वाढायची, मग आमाला हाक मारायची, कुत्र्यालाबी नावानं, आमाला नुसतं "ए". सगळं सोडलं. बाबा म्हणतात, पोराच्या पायाला भिंगरी हाय. भिंगरी पायाला न्हाई, ताटाला हाय. मला कुणी काय देतं ह्याचं मी मनावर घेत न्हाई, पण कशात देतं अन् कुठं बसवून देतं, हे मी विसरत न्हाई.

तवा नीट कळव. कशात जेवतीस, कुठं बसून, कुणासंगं. लपवू नको. तू काय लपवलंस की तुझं अक्षर लई सुंदर येतं, हे मला शाळेपासून ठाऊक हाय.

तुझा दादा,
परमेश्वर

*

परळी वैजनाथ
१ डिसेंबर २०२४

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. आत्याने ते आधी अंगणात झटकलं, मग घरात आणलं.

माझं काम छान चाललंय. वैजनाथाच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर धोंडप्पा मालकांचं भांड्यांचं दुकान आहे, वर घर. मालक, त्यांच्या बायको शांतादेवी, त्यांना घरात सगळे अव्वा म्हणतात. मुलगा योगीराजदादा दुकान बघतात, सूनबाई रुद्राणीताई बँकेत जातात. आणि आमची अंजू. दीड वर्षाची आहे, चालायला लागल्यापासून थांबायचं कसं ते तिला कुणी शिकवलेलंच नाही. तुझीच बहीण शोभेल. तिला सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी बघते. ती झोपली की मी बारावीचं पुस्तक काढते. फेब्रुवारीत परीक्षा आहे. हे काम टिकलं तर दादा, माझा फड सुटला. नाही टिकलं तर आई म्हणालीच आहे, संक्रांतीनंतर टोळीतल्या दुसऱ्या गाडीने ये. म्हणजे पुस्तकं इथं आणि मी पाचटात.

या घरात एक मजा आहे. दुकानात भांड्यांवर नाव टाकायचं मशीन आहे ना, तर घरातली एकही वस्तू बिननावाची नाही. चमच्यावरसुद्धा नाव. प्रत्येकाचं आपापलं ताट, त्यावर आपापलं नाव, दुसऱ्याच्या ताटात कुणी जेवत नाही. अंजूच्या वाटीवरसुद्धा अंजूचं नाव आहे. मला पहिल्या दिवशी वाढलं ते कोरं ताट होतं.

आता मी डबा नेते. मागच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांपाशी सावली असते, तिथे बसून जेवते. शांत वाटतं. घर लिंगायतांचं आहे, अंडंसुद्धा चालत नाही, म्हणून मी भाकरी आणि जवसाची चटणीच नेते.

आणखी एक गंमत. अव्वा जेवण झालं की ताटात पाणी घालतात, बोटाने सगळं ताट धुतात आणि ते पाणी पिऊन टाकतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी गारच झाले.

जेवणाचं बरं चाललंय. तू काळजी करू नको, आणि त्यात पडू नको.

तुझी,
शिवकन्या

*

सेडम
६ डिसेंबर २०२४

शिवे,

अक्षर मोत्यासारखं आलंय. म्हणजे झालं.

काय समजायचं ते मी समजलो. सगळ्यांच्या ताटावर नाव अन् तुझं कोरं. सगळे आत अन् तू गॅलरीत, ओल्या कपड्यांखाली. अन् ती म्हातारी ताट धुवून पाणी पिती! अगं, जे लोक ताटाला चिकटलेली आमटी सोडत न्हाईत ते तुला भाकर कुठून देणार? भांड्यांचं दुकान मांडलंय अन् घरात ताटं धुवून पितात! एवढा चिक्कूपणा मी बोअरच्या मालकातबी बघितला न्हाई, तो निदान रस्सा तरी द्यायचा.

तू ते काम सोड. फडाचं मी बघतो, आईला मी समजावतो. कोयता घेऊन ऊस तोडताना निदान मुकादमबी आपल्यासारखाच बांधावर बसून खातो.

तू काय बोलणार न्हाईस हे मला ठाऊक हाय. म्हणून मालकाला मीच लिहिलंय. रामला बजावलंय, थेट दुकानात, त्यांच्या हातात दे. तुझ्या हातात दिलं तर तू चुलीत घालशील.

परमेश्वर

*

सेडम
६ डिसेंबर २०२४

धोंडप्पा मालकांना, शिवकन्येचा थोरला भाऊ परमेश्वर याचा रामराम.

तुमी मला ओळखत न्हाई अन् मी तुमाला. पण तुमची नात माझ्या बहिणीच्या हातानं जेवती, तवा आपली ओळख असायला पाहिजे होती.

मालक, तुमी कधी लेकराला भरवलंय का? लेकरू तोंड उघडत न्हाई. मग भरवणारीनं आधी आपलं तोंड उघडायचं, आऽ करायचं, तवा लेकरू बघून आऽ करतं अन् घास आत जातो. माझी बहीण तुमच्या घरात दिवसभर घासासमोर आऽ करती, अन् तिच्या तोंडात तुमच्या घरचं काहीच जात न्हाई. हे तुमाला बरं दिसतं का?

तुमी म्हणाल, कामाचं ठरलं तेव्हा जेवणाचं ठरलं नव्हतं. खरं हाय. पण लेकरावर जीव लावायचंबी ठरलं नव्हतं, ते ती लावती. ज्या ताटावर नाव न्हाई त्या ताटात आमी जेवत न्हाई. अन् जिथं ताट धुवून पाणी पितात इतका हात आखडता, तिथं आमाला जेवायचंबी न्हाई. आमी कोयत्याची माणसं. भाकर अर्धी असली तर अर्धी वाटतो, ताट धुवून पीत न्हाई.

चिक्कूपणा तुमच्यापाशी ठेवा. पुढच्या आठवड्यापासून ती येणार न्हाई.

परमेश्वर मोहनराव
मु. पो. धर्मापुरी, हल्ली सिमेंटमध्ये

*

सेडम
८ डिसेंबर २०२४

शिवे,

मालकाचं पत्र फाडून टाक. फाडता येत न्हाई तर गिळून टाक. हे पत्र त्याच्या आधी पोचावं असं देवाला म्हणतोय, पण रामचा टँकर परवाच गेला अन् हे दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती देतोय, तो वाटेत दोन जागी जेवायला थांबतो.

काय झालं ते ऐक. आमच्या मेसमध्ये बसण्णा हाय, मेस त्याचीच. सगळ्यांना वाढून झालं की तो शेवटी जेवतो, म्हणून आजपर्यंत मी त्याला जेवताना बघितलंच नव्हतं. आज पाळीवरून उशिरा आलो. बसण्णा कोपऱ्यात जेवत होता. जेवून झाल्यावर ताटात पाणी घातलं, बोट फिरवलं, अन् घटाघटा पिऊन टाकलं.

मी म्हणालो, "बसण्णा, एवढी मोठी मेस चालवतोस, अन् ताट धुवून पितोस बे?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्याच्या आईला काय बोललो. म्हणाला, "परसाद हौ रे. देव को दिखाके खाया सो परसाद. फेकते क्या? नाली में जाने देते क्या?" त्याच्या गळ्यात लिंग हाय. जेवायच्या आधी तो त्याला नमस्कार करतो. लिंगायतांतल्या जुन्या माणसांत असंच असतं म्हणे. ताटात वाढलं ते देवानं दिलेलं, त्यातला कण वाया घालवायचा न्हाई, म्हणून पाणीसुद्धा पोटात.

मी म्हणालो, "बसण्णा, मी एक पत्र पाठवलंय." काय लिहिलं ते सांगितलं. मला वाटलं तो हसंल. तो हसला न्हाई. म्हणाला, "तू देवाला शिवी लिहून पाठवलास की."

माझं जेवण तिथंच थांबलं. सकाळी मी पिशवी भरून ठेवली होती, हे काम सोडून तुला घ्यायला यायचं म्हणून. ती तशीच खाटेखाली हाय. आता कुठल्या तोंडानं येऊ?

ते गॅलरीचं अन् कोऱ्या ताटाचं मात्र मला अजून पटत न्हाई. पण आधी पत्र थांबव.

दादा

*

परळी वैजनाथ
११ डिसेंबर २०२४

दादा,

उशीर झाला. तुझं पत्र वाचलं गेलं. आणि कसं वाचलं गेलं ते ऐक.

रविवार असूनही मला बोलावलं होतं, अंजूला सर्दी होती. दुपारी सगळे जेवायला बसले होते, मी अंजूला मांडीवर घेऊन वरणभात भरवत होते. मालकांना चष्मा सापडेना. ते योगीराजदादांना म्हणाले, "वाच रे, सिमेंटमधून कुणाचं पत्र आलंय बघ."

दादा, त्यांनी मोठ्याने वाचलं.

सुरुवातीला योगीराजदादा हसत होते. आऽ करायचं आलं तेव्हा थांबले, कारण मी त्याच वेळी अंजूसमोर आऽ करून बसले होते आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. रुद्राणीताईंनी हातातला घास ताटात ठेवला. मग ते ताट धुऊन पाणी पिण्याचं वाक्य आलं. तेव्हा अव्वांच्या ताटात पाणी ओतलेलं होतं. बोटं पाण्यात.

अव्वांनी बोट फिरवून ताट पूर्ण धुतलं, दोन्ही हातांनी उचललं, प्यायल्या, खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "पुढं वाच."

योगीराजदादांनी चिक्कूपणापर्यंत सगळं वाचलं.

मी अंजूला खाली ठेवलं आणि डबा पिशवीत घालायला लागले. अव्वा म्हणाल्या, "बस. कुठं निघालीस? आमच्या ताटाची गोष्ट भावाला कुणी सांगितली?"

"मी."

"चिक्कू म्हणून?"

"न्हाई अव्वा. गंमत म्हणून. चिक्कू त्याचं त्यानं घातलं."

"बरं. मग आता खरं सांग. पहिल्या दिवशी मी तुला वाढलं. तू अर्धी भाकर अन् भाजी ताटात तशीच टाकून उठलीस. कावून?"

दादा, हे मी तुला लिहिलं नव्हतं. तुझं म्हणणं खरं आहे, अक्षर सुंदर आलं की मी लपवते. त्यांनी मला पहिल्याच दिवशी आतमध्ये, त्यांच्याच पंगतीत वाढलं होतं. पण आईने निघताना काय सांगितलं होतं तुला माहीत आहे. परक्या घरी ताट चाटूनपुसून खाऊ नको, शेवटी घास ठेवावा, नाहीतर लोक म्हणतील फडावरची पोर, उपाशीच आली. मी मानाने घास ठेवला. जरा मोठाच ठेवला, पहिला दिवस होता ना. अव्वांनी त्या ताटाकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. माझ्यासमोर आपलं ताट धुतलं आणि पाणी प्यायल्या. मला वाटलं, मला दाखवायला. की बघ, अन्नाची किंमत अशी असते, तू टाकलंस. मला इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवसापासून मी डबा न्यायला लागले.

हे सगळं मी त्यांच्यासमोर सांगितलं.

अव्वा म्हणाल्या, "मला वाटलं, पोरीला आमच्या हातचं नको. आमच्यात ताटात टाकलं म्हणजे नावडलं. मी म्हटलं, असंल ताठ्याची. दुसऱ्या दिवशी तू डबा काढलास, मी म्हटलं, बघा, खरंच निघालं."

मालक म्हणाले, "थांबा, थांबा. म्हणजे दोघी बायका एका घरात महिनाभर मनातलं न बोलता राहिल्या? माझ्या घरात? ह्यावर माझा विश्वास बसत न्हाई."

रुद्राणीताई म्हणाल्या, "मला तर वाटायचं शिवकन्येला तिची चटणीच आवडते. मी विचारलंच नाही कधी." त्यांना वाईट वाटलं, ते दिसत होतं.

आणि तेवढ्यात अंजूने माझ्या पिशवीतून डबा ओढला, झाकण पाडलं, जवसाच्या चटणीत बोट घातलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि तो घेऊन तुरूतुरू अव्वांपुढे जाऊन उभी राहिली. म्हणाली, "आऽ."

अव्वांनी आऽ केला. काय करतील! खाल्लं. मग म्हणाल्या, "चटणीत लसूण जास्त हाय." आणि थोड्या वेळाने, "अजून हाय का?"

सगळे हसले. पण दादा, मी अजून सुटलेले नाही. निघताना मी विचारलं, "अव्वा, उद्या येऊ ना?" तर त्या म्हणाल्या, "ह्या आठवड्यापुरती ये. पुढचं मी सांगते. आधी मला त्या लिहिणाऱ्याला उत्तर द्यायचंय." तुझं पत्र त्यांनी देवघरात नेऊन ठेवलंय. का ठेवलंय माहीत नाही.

आज आईचा आत्याच्या फोनवर फोन आला होता. म्हणाली, काम जमत नसलं तर सांग, संक्रांतीच्या गाडीत जागा धरून ठेवते. मी म्हणाले, धरू नको. बघू आता.

तुझ्यावर रागावले आहे. पण आऽ करायचं तुला कसं माहीत? तू तर कधी लेकरू सांभाळलं नाहीस. मग आठवलं. आई फडावर जायची तेव्हा मला तूच भरवायचास.

शिवकन्या

*

परळी वैजनाथ
१३ डिसेंबर २०२४

चिरंजीव परमेश्वर यास शांतादेवीचा आशीर्वाद.

मी अक्षर घोटून शिकलेली न्हाई, तवा जसं जमंल तसं वाच. तुझंबी काय फार घोटलेलं दिसत न्हाई.

तू मला चिक्कू म्हणालास. माझ्या सासूनं ऐकलं असतं तर तिनं तुला परळीभर पळवलं असतं. माझा राग दोन दिवस होता. तिसऱ्या दिवशी तुझं दुसरं पत्र शिवकन्येला आलं, ते तिनं मला वाचून दाखवलं. त्या बसण्णानं तुला नीट सांगितलं. देवाला शिवी लिहिलीस हे त्याचं बोलणं मला आवडलं. पण देव काय लहान मनाचा न्हाई, तवा ते सोडून दे.

आता माझी चूक सांगते, कारण तुझ्या पत्रात शेणाबरोबर थोडं सोनंबी आलंय. मी त्या पोरीला वाढलं, हे खरं. पण एकदाच म्हणाले, जेव. ती उठली, मी गप्प. पाहुणा आला तर आपण कितीदा म्हणतो, घ्या, अजून घ्या, अहो तुमी काय घेतलंच न्हाई? त्याच्या हातावर हात ठेवून वाढतो. अन् जी माझी नात दिवसभर कडेवर घेऊन फिरती तिला एकदा विचारायचं अन् सोडून द्यायचं? ती डबा घेऊन गॅलरीत बसली, ते मला रोज दिसत होतं. मी दार लोटून घेत होते. हे चुकलं.

लातूरची माझी नणंद म्हणती, कामाच्या पोरीला पंगतीत घेऊ नये, डोक्यावर बसती, आज भाकर मागंल, उद्या साडी. मी तिला म्हटलं, हिनं भाकर मागितलीच न्हाई, हाच घोळ झाला. मागितली असती तर महिना वाचला असता. जेवायला घालणं म्हणजे उपकार न्हाई अन् पगारबी न्हाई. एका घरात चूल पेटली अन् दुपारी घरात जी माणसं हायत ती सगळी जेवली, एवढंच हाय ते.

शिवकन्येच्या कामाचं. ते तुझ्यावर हाय. तू लिहिलंस ती पुढच्या आठवड्यापासून येणार न्हाई. तुझा शब्द हाय, तो तूच येऊन मागं घे. तीस तारखेला अमावास्या, येळवस हाय. आमचं धर्मापुरीच्या वाटेवर थोडं रान हाय, तिथं आमी सगळे जेवायला जातो. तू यायचं. माझ्यासमोर बसून ताट पुरं करायचं, कण ठेवायचा न्हाई. ताट साफ झालं तर पोरगी राहिली. घास ठेवलास तर बघ.

तुझं पत्र मी देवापाशी ठेवलंय, ते आऽ करायचं लिहिलंस त्यासाठी. बाकीच्या ओळींवर कुंकू सांडलं, आता वाचता येत न्हाईत.

शांतादेवी

*

सेडम
४ जानेवारी २०२५

शिवे,

पोचलो. तू म्हणालीस पोचलो की लिही, म्हणून लिहितो. तुझ्यासमोरच घडलं सगळं, पण माझ्या बाजूनं कसं दिसलं ते तुला ठाऊक न्हाई.

रामच्या टँकरमधून उतरलो तवा मी डोक्यापासून पायापर्यंत राखाडी होतो. तू ओळखलंस, पण अव्वांनी मला बघून धोंडप्पा मालकांना विचारलं, "हा कोण गोसावी आला?" मालक म्हणाले, "तुझा लेखक." मग मला आधी विहिरीवर पाठवलं. पोहऱ्यानं पाणी घालताना योगीराजदादा म्हणाले, "घाबरू नका, अव्वा चावत न्हाई. वाढती." तवा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

कडब्याच्या खोपीपाशी तुमी सगळे गोल बसला होता. मला वाटलं, तुला कुठंतरी कडंला बसवलं असंल, म्हणून मी आधी तुलाच शोधत होतो. तू अव्वांच्या शेजारी होतीस. तुझ्यापुढचं ताट मी बारीक नजरेनं बघितलं. कडंला नाव होतं. शिवकन्या. टपोऱ्या अक्षरात, नवं कोरलेलं, उन्हात चमकत होतं.

मग ओल्या दाण्यांची अन् पालेभाज्यांची भज्जी आली. आपल्या घरीबी येळवसीला भज्जी असती, पण ती वाटीत. इथं पळीनं. त्यावर बाजरीचे वाफवलेले उंडे, त्यावर तेल, खीर, आंबील. मी म्हणालो, "बास." अव्वा म्हणाल्या, "बास म्हणायला तुला कुणी विचारलं?" पळी पुन्हा. मी हात आडवा केला, त्यांनी हातावर वाढलं. तू समोर बसून हसत होतीस, ते मी बघितलंय, लक्षात ठेवीन.

शिवे, खरं सांगतो, शेवटी एक उंडा अन् चार दाणे भज्जी राहिली, अन् माझ्यात श्वासाला जागा राहिली न्हाई. अव्वा पळी घेऊन उभ्या. मालक घड्याळ बघितल्यासारखं करत होते. रुद्राणीताई म्हणाल्या, "अव्वा, आता सोडा त्याला." अव्वा म्हणाल्या, "मी कुठं धरलंय? ताटानं धरलंय त्याला." अन् मला वाटत होतं, ह्या एका उंड्यावर माझ्या बहिणीची परीक्षा अडलीय. मी उचलायचा, तोंडापाशी न्यायचा, पुन्हा ठेवायचा.

तवा तुझी ती अंजू आली. माझ्या मांडीवर हात टेकून उभी राहिली, ताटात बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी काय करणार, सवयीनं तोंड उघडलं, आऽ. तिनंबी आऽ केला. अन् मी तो उंडा तिच्या तोंडात मोडून मोडून भरवला, चार दाणे भज्जीसकट. सगळा.

अव्वांनी वाकून ताट बघितलं. मला वाटलं आता म्हणतील, हे धरत न्हाई. त्या म्हणाल्या, "कुणीबी खाल्लं असूं दे. ताट साफ झालं. पोरगी राहिली." अन् तांब्यातून माझ्या ताटात पाणी ओतलं अन् बघत राहिल्या. मी प्यायलो, शिवे. कुणी पी म्हणालं नव्हतं. ते मी अव्वांच्या मानासाठी प्यायलो. अन् तेलात तरंगणारी ती भज्जी पाण्यातसुद्धा गोड लागली, हे बसण्णाला सांगितलं तर तो म्हणाला, "मालूम."

आता ती गोष्ट सांगतो जी तुला ठाऊक न्हाई. संध्याकाळी रानातून परळीला परतल्यावर तू अंजूला झोपवत होतीस, तवा मालक मला खाली दुकानात घेऊन गेले. एक ताट काढलं, मशीनवर ठेवलं, म्हणाले, "काय नाव टाकू? नुसतं परमेश्वर, का गाव बी?" मी म्हणालो, "मालक, नको. मी कुठं एका जागी असतो? ताट घेऊन कुठं कुठं फिरू?" ते म्हणाले, "म्हणूनच तर टाकतोय." टर्रर्र आवाज झाला अन् नाव आलं. त्यावरून बोट फिरवलं तर अजून गरम होतं.

ते ताट मी मेसमध्ये आणलं. बसण्णानं ते उलटंसुलटं बघितलं, त्याला मराठी वाचता येत न्हाई, म्हणाला, "तुम्हारा नाम?" मी म्हणालो, "हौ." त्यानं भिंतीत खिळा ठोकला अन् लटकवलं. त्या भिंतीवर दुसऱ्या कुणाचंच ताट न्हाई. मुकादम म्हणाला, "पऱ्या, आता पळताना आवाज होईल." मी पिशवी खाटेखालून काढली, कपडे खुंटीला लावले.

आईला मीच सांगितलं हाय, गाडीतली जागा दुसऱ्या कुणाला दे. तू पुस्तक काढ. अन् डबा बंद करू नको, अव्वांनी निघताना मला बाजूला घेऊन सांगितलंय, चटणी येऊ दे, लसूण कमी.

पत्ता वर लिहिलाय. मागं पेन्सिलीनं लिहिला असशील तर आता पेनानं लिही.

तुझा दादा,
परमेश्वर